कोयत्याची ऑर्डर कोण घेणार?

विषय जरा धारदार आहे. आणि माझं मराठी कॉन्व्हेंटी आहे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांवर.

यंदा मेकॅनिकलच्या प्रोजेक्टच्या चर्चेत एक आयडिया फार गाजते आहे. मागणीप्रमाणे सुऱ्या बनवणारा संपूर्ण ऑटोमॅटिक सेल. गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरवर आकार निवडायचा, लांबी-रुंदी टाकायची, मुठीचा रंग ठरवायचा आणि ‘ओके’ दाबायचं. पलीकडे लेझर पोलादाची पट्टी कापणार, रोबो ती भट्टीत ठेवणार, सीएनसी ग्राइंडर दोन्ही बाजूंनी पातं घासणार, मूठ बसणार, वर गिऱ्हाइकाचं नाव कोरलं जाणार आणि सुरी खोक्यात! माणसाचा हात कुठेच नाही. मेसमध्ये यावर इतकी चर्चा झाली की दोन दिवस कोणी भाजीला नावं ठेवली नाहीत.

माझं मत सरळ सांगते. यातलं यंत्र बनवणं अवघड आहे, पण अशक्य अजिबात नाही. खरा अवघड भाग सगळ्यांनी एका ओळीत उरकला आहे, तो म्हणजे ऑर्डर.

आधी यंत्राबद्दल. जर्मनीतलं झोलिंगेन हे सुऱ्यांचं गाव. तिथल्या सुरीवर ‘झोलिंगेन’ हे नाव कोणी घालायचं याचा कायदा १९३८ पासून आहे. त्याच्या शेजारच्या वुपरटालमध्ये बर्गर नावाची कंपनी सुऱ्या घासण्याची सीएनसी यंत्रं बनवते, ती जगभर जातात. म्हणजे पातं आपोआप घासून देणारं यंत्र शोधून काढायचं राहिलेलं नाही. प्रश्न येतो तो एकाच नगाचा. दहा हजार सारख्या सुऱ्या करताना सेटिंगचा वेळ दहा हजारांत वाटला जातो. प्रत्येक सुरी वेगळी म्हटली की फिक्श्चर वेगळं, प्रोग्रॅम वेगळा, चाकाचा कोन वेगळा. यावरही जपान्यांनी उत्तर दिलेलं आहे. टोयोटाच्या हजार टनी प्रेसवर डाय बदलायला चार तास लागत, शिगेओ शिंगो यांनी ते काम तीन मिनिटांवर आणलं, हे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकलेल्या प्रत्येकाने वायवाला एकदा तरी घोकलेलं असतं. तेव्हा सेटिंगचा वेळ कमी करता येतो. पैसा आणि डोकं लागतं, एवढंच.

आता ऑर्डर. स्क्रीनवर गिऱ्हाइकाला काय दिसणार? ‘नाइफ’ असा शब्द आणि त्याखाली पाच-सहा चित्रं. शाळेच्या इंग्रजीने मला सुद्धा दोनच शब्द दिले होते, नाइफ आणि सिकल. मावळात राहायला आल्यावर मोजायला लागले. भात कापायचा तो विळा. खुरपणीचं ते खुरपं. फांद्या आणि कारवी तोडायचा तो कोयता. स्वयंपाकघरातली विळी, सुपारीचा अडकित्ता, खाटकाचा सत्तूर, चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, आणि मग चाकू, सुरी, सुरा हे तिघे भाऊ. यातली एकही वस्तू दुसरीचं काम करत नाही. विळीचं तर मला फारच कौतुक वाटतं. जगात सगळीकडे भाजी स्थिर आणि सुरी हलते, आपल्याकडे सुरी पायाखाली स्थिर आणि भाजी हलते! थिअरी ऑफ मशिन्समध्ये इन्व्हर्शन शिकवताना स्लायडर-क्रँकऐवजी आजीची विळी वर्गात आणली तर एटीकेट्या निम्म्या होतील. (सरांनी हे हलकं घ्यावं.) लोणावळ्यातलंच उदाहरण घ्यायचं तर चिक्की. चिक्कीची लादी गरम असतानाच कापावी लागते, गार झाली की तुकडे न पडता चुरा होतो. तिथे कापणारं पातं चिकट गुळातून सुटून यायला हवं, नुसतं तीक्ष्ण असून भागत नाही. हे सगळं ‘ओके’च्या बटणामागे कोण बघणार?

आता ज्यांना ऑर्डर घेता येते त्यांच्याबद्दल. पाऊस ओसरला की जुन्या हायवेच्या कडेला, कामशेत-वडगावच्या बाजूला, घिसाड्यांची पालं पडतात. गावचा लोहार हा बारा बलुतेदारांपैकी. शेतकऱ्याची अवजारं वर्षभर सांभाळायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा, असा त्याचा हिशोब. घिसाडी गावगाड्याबाहेरचे, फिरते. सरकारी यादीत ते भटक्या जमातींत येतात. त्यांचं वर्कशॉप म्हणजे भाता, ऐरण, घण, सांडशी आणि पाण्याचं घमेलं. आमच्या फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये स्मिथी शॉपला याहून जास्त सामान आहे, आणि त्यात वर्षाकाठी काय तयार होतं ते आपण सगळे जाणतोच.

माझी रूममेट पवन मावळातली. तिच्या वडिलांना नवीन कोयता हवा होता म्हणून आम्ही दोघी एका पालावर गेलो. बाबा खाली बसून सांडशीत लोखंड धरत होते आणि समोर उभी राहून त्यांची बायको घण घालत होती. (आमच्या वर्गात ‘मुलींना प्रॉडक्शन शॉप झेपत नाही’ म्हणणारे महाभाग आहेत. त्यांना एकदा तिथे नेऊन उभं करायचं आहे.) रूममेट म्हणाली, “बाबा, कोयता पाहिजे.” बाबांनी वर न बघता विचारलं, “काय तोडायचं?”

“बांधावरच्या फांद्या, जळण, कधी कारवी.”

“कोण वापरणार? तू?”

“नाही, आमचे अण्णा.”

“जुना आणला का?”

जुना तिने पिशवीतून आणलाच होता. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, अंगठा पात्यावरून फिरवला, मुठीकडे बघितलं आणि म्हणाले, “अण्णा डावरे हायेत. आन् टोकानं ओढत्यात, मधनं मारत नाहीत.” रूममेट बघतच राहिली, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या! पातं पोटाशी जवळजवळ नव्यासारखं होतं आणि टोकाकडे झिजून अर्धं झालं होतं. मूठ एका बाजूला गुळगुळीत झाली होती. मावशी घण खाली ठेवत म्हणाल्या, “मग टोकाला माल जास्त ठेवा की.” बस्स. ऑर्डर झाली. तासाभरात कोयता तयार. टोकाकडे जाड, बाक थोडा जास्त.

मला वाटतं, आमच्या प्रोजेक्टवाल्यांनी शंभर पेपर डाउनलोड करण्याआधी हा एक प्रसंग बघायला हवा. तो जुना कोयता हाच ऑर्डर फॉर्म होता. अण्णांना विचारलं असतं की ‘अण्णा, तुम्हाला पात्याचा कर्व्हेचर रेडियस किती मिलिमीटर हवा?’ तर त्यांनी आम्हाला चहा पाजून घरी पाठवलं असतं. त्यांना काय हवं ते त्यांना शब्दांत माहीतच नाही. ते त्यांच्या मनगटाला माहीत आहे, आणि मनगटाने वीस वर्षं ते त्या लोखंडावर लिहून ठेवलं आहे. वाचणारा पाहिजे.

‘हे सगळं भावनिक झालं,’ असं एक मित्र म्हणाला. ‘गिऱ्हाईक बाजारातून रेडिमेड घेतंच ना? मग तेवढ्या बारकाव्याचं काय घेऊन बसलीस?’ मुद्दा बरोबर आहे, आणि रेडिमेडला मी नावं ठेवणार नाही. उलट एक रेडिमेड विळा मला फार आवडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा. दातेरी असतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा धार लावावी लागत नाही, आणि त्याने भात अगदी जमिनीलगत कापता येतं. जमिनीलगत का? तर खोडकिड्याच्या अळ्या मागे राहिलेल्या धसकटांत दडून बसतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा वर येतात. म्हणजे विळ्याचा आकार हा कीडनियंत्रणाचा भाग झाला! वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेलं इंद्रायणी भात आज पुण्या-मुंबईच्या ताटात आहे, त्याच्या कापणीलाही हा सल्ला लागू पडतो. ज्याने कोणी तो विळा आखला त्याने ड्रॉइंग बोर्डच्या आधी शेतात बसून बघितलं असणार. सगळ्यांसाठी एकच नमुना चालतो, पण तो नमुना कोणाला तरी विचारून केलेला असला तर.

अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये कॉलिन्स नावाची कंपनी १८२६ पासून १९६६ पर्यंत कुऱ्हाडी आणि मॅशेटी, म्हणजे तिकडचे लांब कोयते, बनवायची. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या देशादेशांच्या मागणीप्रमाणे त्यांनी शेकडो नमुने ठेवले होते. कारखाना मोठा, पाणचक्कीवर चालणारे घण, सगळं खरं. पण उसाच्या मुलखाला एक बाक आणि जंगलाच्या मुलखाला दुसरा, हे त्यांनी गिऱ्हाइकाकडूनच शिकून घेतलं.

आपल्याकडचं उदाहरण तर इतकं जवळचं आहे की विसरायला होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींचं दुकान चालवलं, आणि पहिलं यंत्र बनवलं ते कडबा कापायचं. म्हणजे मराठी कारखानदारीची सुरुवातच एका पात्याने झाली म्हणा ना! पुढे लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीला नांगर खपेनात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि तोच नांगर घराघरात गेला. ही गोष्ट आपल्याला नेहमी ‘अडाणी शेतकऱ्याला पटवलं’ अशी सांगतात. मला त्यात उलटंही दिसतं. विकायचं असेल तर त्याच्या बांधावर जाऊन उभं राहावं लागलं.

आता एक गंभीर गोष्ट, जी प्रोजेक्टच्या सिनॉप्सिसमध्ये कुठेच नाही. आपण पुणे जिल्ह्यात आहोत. ‘कोयता’ म्हटलं की गेल्या काही वर्षांत पेपर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेत येत नाही, ‘कोयता गँग’ येते. २०२३ च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघून नोंद ठेवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. भात कापायला निघालेल्या माणसाला ओळखपत्र दाखवायला लावणं मला पटत नाही, पण भीती कशाची आहे ते कळतं. कायदा काय म्हणतो? १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांत धरतात, मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. नीट वाचा. फरक इंचांवर संपत नाही, तो ‘कशासाठी बनवली’ यावर येऊन थांबतो. आणि ‘काय तोडायचं?’ हा पालावरचा पहिला प्रश्न होता! लेझरला हा प्रश्न पडत नाही. तो मध्यरात्री दोन वाजता आलेली पंचवीस इंची ऑर्डरसुद्धा तितक्याच आनंदाने कापेल. घिसाडी काही पोलीस नव्हेत, त्यांच्याकडूनही नको त्या हातात कोयता जातच असेल. पण तिथे निदान एक माणूस दुसऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघून माल देतो. हा प्रश्न विचारणारं कोणी नसलेलं यंत्र आपल्या कॉलेजच्या नावाने उभं राहावं असं मला वाटत नाही. प्रोजेक्ट गाइडनाही वाटणार नाही, अशी आशा आहे.

मग काय, यंत्र नकोच? अजिबात तसं नाही! मी मेकॅनिकलची आहे, भात्याची आरती करायला इथे आलेले नाही. काही कामं माणसाकडून काढून घेणं हेच पुण्याचं आहे. घासण्याचं काम त्यातलं पहिलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डला कोरड्या दगडी चाकांवर सुऱ्या-काटे घासणारे कामगार धुळीने फुप्फुसं खराब होऊन ऐन तारुण्यात मरत. त्या गावाच्या पोलादाचं कौतुक करताना हे कोणी सांगत नाही. आजही उघड्यावर, तोंडाला फडकं न बांधता ग्राइंडर चालवणारी माणसं आपण रोज बघतो. तिथे बंद पेटीतलं, पाणी सोडणारं यंत्र हवंच.

दुसरं काम तापवण्याचं, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. घिसाडी बहुतेक वेळा जुन्या ट्रकच्या कमानपाट्यांपासून कोयता करतात. हे साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बनचं चांगलं पोलाद. ते ८५० अंशांच्या आसपास तापवून पटकन गार केलं की मार्टेन्साइट होतो, म्हणजे कठीण. नुसता कठीण ठेवला तर काचेसारखा तुटेल, म्हणून पुन्हा थोडा तापवून उतरवायचा. बाबांनी हे कसं केलं? लाल रंग बघून. त्यासाठीच भट्टी पालाच्या सावलीत असते, उन्हात रंग कळत नाही. मग फक्त धारेची कड पाण्यात धरली, पाठ बाहेर ठेवली. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकली, घासलेल्या पात्यावर पिवळट रंग चढत गेला, आणि हवा तिथे आल्यावर पुन्हा पाण्यात बुडवला. कड कठीण, पाठ चिवट. पुस्तकात याला आम्ही तीन प्रकरणं देतो, त्यांनी दोन मिनिटं दिली.

पण, आणि हा पण मोठा आहे, डोळ्याला मर्यादा असतात. मळभ आलं, संध्याकाळ झाली, कोळसा ओला निघाला की वीस-तीस अंश इकडेतिकडे होतात. जास्त तापलं की पोलादाचा कण मोठा होतो आणि पातं पहिल्याच गाठीवर चटकतं. कोणत्या ट्रकचा पाटा, त्यात नक्की काय आहे, तेही दरवेळी निराळं. आणि मावळातल्या पावसाबद्दल मी इथल्या लोकांना काय सांगू? चार महिने आपले सॉक्स वाळत नाहीत, तिथे भट्टी कुठे पेटणार! म्हणजे जे काम डोळ्याने करणं अवघड आहे ते यंत्राला सोपं आहे, आणि जे यंत्राला अवघड आहे ते बाबा जुन्या कोयत्यावर नुसता अंगठा फिरवून करतात. आपला प्रोजेक्ट नेमका उलटा बसवला आहे. रोबोला गिऱ्हाईक भेटणार, आणि बाबांना काहीच काम नाही.

कोणी म्हणेल, ऑटोमेशन येणारच, घिसाडी आज ना उद्या जाणारच. येणारच, हे मान्य. पण ‘जाणारच’ म्हणताना जरा तळेगावकडे बघा. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये गाड्या बनवायचा थांबला. पुढे तो ह्युंदाईने घेतला, ती वेगळी गोष्ट. मधल्या काळात तिथले रोबो गप्प उभे होते आणि हायवेच्या कडेला भाता चालू होता. कोण कधी जाईल हे आपण थर्ड इयरला ठरवू नये.

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या मेटलर्जी लॅबमध्ये मफल फर्नेस आहे, तिच्यावर अंश दाखवणारा काटा आहे, शेजारी रॉकवेल हार्डनेस टेस्टर आहे. प्रॅक्टिकलचे दिवस सोडले तर दोन्ही वर्षभर कापडाखाली झाकलेली असतात आणि खंडेनवमीला त्यांना झेंडूची माळ मिळते. भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. त्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आठवड्यातला एक दिवस ही लॅब आजूबाजूचे लोहार आणि घिसाडी यांना उघडी ठेवावी. घडवायचं त्यांनी, आकार त्यांचा, गिऱ्हाईक त्यांचं, पैसेही त्यांचेच. कठीण करणं आणि उतरवणं आपल्या भट्टीत, आपल्यापैकी दोघं-तिघं हजर. प्रत्येक पात्याची हार्डनेस वहीत लिहायची. प्रोजेक्टवाल्यांनी त्याच दिवशी दुरुस्तीला आलेले जुने कोयते स्कॅन करायचे. झीज टोकाला की पोटाला, मूठ डावी की उजवी, आणि ते बघून बाबा काय म्हणाले, तेही शेजारी मराठीतच लिहायचं. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्हींतले कोयते एकसारखे निघतात का हे मला स्वतःला बघायचं आहे. असे दोनशे कोयते जमले की मग बसवा तुमचा रोबो. त्याला काय विचारायचं ते तरी कळलेलं असेल.

विजेचं बिल कोण भरणार, हा प्रश्न ऑफिसमधून येणार हे मला ठाऊक आहे. पाती एकेक करून न घालता एका हीटला दहा-बारा टाकली तर पात्यामागे खर्च फार येऊ नये. नक्की आकडा भट्टीच्या किलोवॅटवरून काढता येईल, तो मी काढून देते. लॅबची चावी असिस्टंट सरांकडे असते, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. ते म्हणाले, “मला काय, मी येतो. माझाही घरचा एक विळा आहे.” आता एचओडी सरांची सही हवी. अर्जावर नावं घालायला तयार असतील त्यांनी गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाजवळ ठेवलेल्या वहीत लिहावं. ब्रँच कुठलीही चालेल, सिव्हिलवालेसुद्धा!